माल्टाच्या आडनावांत आणि ठिकाणांच्या नावांत कातालान किती?

प्रश्न माल्टात नर्सचं काम करणाऱ्या एका मराठी वाचकाचा आहे. त्याच्या वॉर्डात इंग्वानेझ, अबेला, कल्लेया आणि कारुआना अशा आडनावांचे सहकारी आहेत. बार्सिलोनाहून आलेला एक डॉक्टर त्याला ठासून सांगतो, की ही सगळी मुळात आमची कातालान नावं, म्हणजे बार्सिलोना ज्यात येतं त्या कातालोनियाच्या भाषेतली, आणि शेजारच्या गोझो बेटाचं नावसुद्धा स्पेनचंच. यात खरं किती, असं त्याला हवं आहे. भूमध्य समुद्राकाठच्या घराण्यांच्या वंशावळी आणि जुन्या नावांचे कागद वाचणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा लांब उत्तर देतो.

आधी निकाल सांगतो. कातालान वाटा आहे, पण डॉक्टरसाहेब म्हणतात त्याच्या निम्माही नाही. तो दोन वेगळ्या वाटांनी आला. आडनावांत जे जुनं आणि खात्रीचं आहे ते बहुतेक १५३० च्या आधीचं आहे, आणि ते सिसिलीमार्गे आलं. ठिकाणांच्या नावांत जे आहे ते जवळजवळ सगळं १५३० नंतरचं, म्हणजे सेंट जॉनच्या नाइट लोकांच्या, त्या लढाऊ ख्रिस्ती धर्मसंघाच्या, अमलातलं. या दोन वाटा एकत्र केल्या की सगळा घोळ होतो.

आता पहिली वाट. १२८२ मध्ये सिसिलीत फ्रेंच आँजू घराण्याविरुद्ध उठाव झाला आणि आरागॉनचा राजा पेरे तिसरा तिथे राजा म्हणून आला. पुढच्याच वर्षी, ८ जुलै १२८३ ला, रॉजर दे लाउरिया या त्याच्या आरमारप्रमुखाने माल्टाच्या मोठ्या बंदरात आँजूचं आरमार बुडवलं. तेव्हापासून माल्टा या घराण्याकडे गेलं. ‘आरागॉन’ म्हटलं की लोकांना एकच प्रांत वाटतो, पण ते एक संयुक्त राज्य होतं: आरागॉन, कातालोनिया, व्हॅलेन्सिया, मायोर्का. जहाजं, खलाशी, व्यापारी आणि पैसा प्रामुख्याने कातालोनियाचा, म्हणून समुद्रावर ‘आरागॉनचे लोक’ म्हणजे बहुधा कातालान बोलणारेच असत.

पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सिसिलीवर बार्सिलोनाच्या राजघराण्याची स्वतंत्र शाखा १४०९ पर्यंत राज्य करत होती, आणि माल्टा त्या सिसिलीला जोडलेलं होतं. बार्सिलोनाचा हुकूम थेट माल्टात येत नसे, तो सिसिलीत येऊन, तिथल्या दरबाराचा होऊन येई. माल्टाचे १५ व्या शतकातले सरकारी कागद लॅटिनमध्ये आणि सिसिलियनमध्ये आहेत, कातालानमध्ये नाहीत. सामान्य माणूस अरबीतून उतरलेली माल्टीजच बोलत होता. म्हणजे कातालान ही तिथे वरच्या थरातल्या काही घराण्यांची आणि बंदरावरच्या लोकांची बोली होती. गावागावांत ती कधी पोचली नाही, आणि नावांतही ते दिसतं.

१४१२ नंतर आणखी एक गुंता झाला. आरागॉनची गादी त्रास्तामारा या कास्तिलियन घराण्याकडे गेली. कास्तिल हा मध्य स्पेनचा मुलूख, आणि आज आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती भाषा म्हणजे कास्तिलियन. पाचवा अल्फॉन्सो राजा आरागॉनचा, पण जन्म कास्तिलमधला. त्याने पैशांसाठी माल्टा चक्क गहाण टाकलं. १४२० मध्ये ३०,००० सोन्याच्या फ्लोरिनना ते आंतोनियो दे कार्दोनाला दिलं, आणि पुढे ते गोन्साल्व्हो मोनरॉयकडे गेलं. कार्दोना हे कातालोनियातलं मिठाच्या डोंगराचं गाव, म्हणून ते नाव अस्सल कातालान. मोनरॉय मात्र कास्तिलियन. बेट एक, गहाणाची रक्कम एक, आणि पाठोपाठच्या दोन धन्यांची भाषा वेगळी! मोनरॉयविरुद्ध माल्टाच्या लोकांनी बंड केलं, रक्कम गोळा करून बेट सोडवलं, आणि १४२८ मध्ये राजाकडून पुन्हा कुणाला न देण्याची सनद मिळवली. या काळातलं एखादं नाव ‘स्पॅनिश’ निघालं तरी ते लगेच कातालान ठरत नाही, हे या दोघांवरून कळतं.

आता तुमच्या वॉर्डातली आडनावं एकेक घेऊ.

इंग्वानेझ हे यातलं सर्वांत भक्कम. जुन्या कागदांत ते देस्ग्वानेझ असं येतं, आणि सुरुवातीचा ‘देस’ हा कातालान नावांत नेहमी दिसणारा तुकडा आहे. आंतोनियो देस्ग्वानेझ हा कातालान माणूस माल्टात आला आणि त्याने इंपेरिया गात्तो या वारसदार मुलीशी लग्न केलं. तिच्याबरोबर दियार इल-ब्नीएत आणि बुकानाची जहागीर आली. ही जहागीर १३५० मध्ये गात्तो घराण्याला मिळालेली, आणि माल्टातल्या सरदारी किताबांत ती सर्वांत जुनी धरतात. इम्दीना या माल्टाच्या जुन्या राजधानीत त्यांचा वाडा आजही आहे, आणि १४३२ मध्ये अल्फॉन्सो राजा तिथेच उतरला होता असं घराण्यात सांगतात. आडनावाचा पहिला माणूस, त्याचं लग्न आणि त्याची जमीन, तिन्ही कागदावर सापडतात, म्हणून मी इंग्वानेझला निःशंक कातालान म्हणतो. केवळ शेवटी ‘एझ’ आहे एवढ्यावर म्हणत नाही. तसा शेवट कास्तिलियन आडनावांतही ढिगाने आहे.

मोम्पालाओ हे आणखी एक घराणं, आज क्वचित आणि तेही जोडआडनावातच दिसणारं. ते कातालान मोंटपालाउवरून आलेलं आहे. ‘मोंट’मधला ‘ट’ गळाला आणि ‘आउ’चा ‘आओ’ झाला. सिसिलियन आणि इटालियन लिहिणाऱ्या कारकुनांनी कानाला ऐकू येईल तसं उतरवलं की असंच होतं.

अबेलाचं प्रकरण वेगळं. कातालानमध्ये ‘अबेया’ म्हणजे मधमाशी, आणि ते ‘अबेल्ला’ असं लिहितात. डॉक्टरांचा मुद्दा बहुधा तोच असणार. पण इटलीत नेपल्सजवळ अवेल्ला नावाचं गाव आहे, ‘अबेला’सारखी गावांची नावं स्पेनमध्येही अनेक ठिकाणी आहेत, आणि सिसिलीतही जवळची रूपं सापडतात. एवढ्या दिशांनी येऊ शकणाऱ्या नावाला एकच मूळ चिकटवणं म्हणजे अंदाजच. वेल्लाचंही तसंच. कातालानमध्ये ‘वेल्ला’ म्हणजे म्हातारी. लोक हे सांगून टाळ्या घेतात. पण ‘म्हातारी’ असं आडनाव एखाद्या लहान बेटावरच्या हजारो लोकांना कसं पडलं, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. वेल्ला हे आज माल्टातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. बोर्ग, कामिल्लेरी, फारूजा, झम्मित ही त्याच रांगेतली, आणि यांपैकी एकही कातालान म्हणून सिद्ध झालेलं नाही. खरं कातालान आडनाव माल्टात असतं ते बहुधा थोड्या घरांत असतं.

कल्लेया हे लिहितात तेव्हा ‘य’च्या जागी ‘जे’ हे रोमन अक्षर वापरतात, आणि स्पेनमध्ये त्याच स्पेलिंगचा शब्द ‘गल्ली’ या अर्थी आहे. पण तो कास्तिलियन आहे. कातालानमध्ये रस्त्याला ‘कारेर’ म्हणतात, आणि गल्लीसाठीचा शब्दही त्याच मुळाचा. म्हणजे हे नाव स्पेनचं धरलं तरी कास्तिलकडे जातं, बार्सिलोनाकडे नाही. शिवाय माल्टीजमध्ये त्या अक्षराचा उच्चार मुळातच ‘य’ होतो, त्यामुळे स्पेलिंग स्पेनसारखं दिसणं हा योगायोगही असू शकतो.

स्पेलिंगचा विषय निघालाच आहे तर ‘एक्स’बद्दल सांगून टाकतो. शेर्री, शुएरेब ही नावं रोमन लिपीत ‘एक्स’ने सुरू होतात आणि तिचा उच्चार ‘श’ होतो. कातालानमध्येही तसंच आहे, म्हणून बार्सिलोनाचा माणूस ती पाटी वाचतो आणि खूश होतो. पण मध्ययुगातल्या सिसिलियन कागदांतही ही खूण सर्रास सापडते. शाक्का या सिसिलियन शहराचं नाव जुन्या कागदांत ‘एक्स’नेच लिहिलेलं आहे. माल्टाच्या कारकुनांनी ती सवय सिसिलीकडून घेतली. शिवाय शुएरेबसारखं नाव तर सरळ अरबी मुळाचं आहे. म्हणून माल्टीज पाटीवरचा ‘एक्स’ पाहून स्पेन गाठायचं नाही.

उरलं कारुआना. याची गोष्ट मला सर्वांत आवडते. व्हॅलेन्सियात गेलात तर तुम्हाला कारुआना आडनावाची प्रतिष्ठित घराणी सापडतील, आणि व्हॅलेन्सिया हा कातालान-भाषकांचाच मुलूख. मग नाव कातालान झालंच की! नाही झालं. १८ व्या शतकात माल्टाचे व्यापारी सुती धागा आणि कापड घेऊन स्पेनच्या किनाऱ्यावरच्या शहरांत गेले. कादिझ, व्हॅलेन्सिया, बार्सिलोना. काही तिथेच राहिले, व्यापारात वर आले. व्हॅलेन्सियाचे कारुआना त्यांतले. हे नाव तिथून माल्टात आलेलं नाही, माल्टातून तिकडे गेलेलं आहे. मुळात ते ट्युनिशियातल्या कैरवान शहराशी जोडतात. आज दोन्हीकडच्या फोनबुकात एकच नाव दिसतं तेव्हा प्रवास कुठून कुठे झाला हे फोनबुक सांगत नाही. ते तारीखच सांगते: कुठल्या गावात ते नाव आधी लिहिलं गेलं?

आडनावावरून रक्त ठरवू नये याचं आणखी एक कारण आहे. नाइट लोकांच्या काळात माल्टात हजारो गुलाम होते. त्यांच्यातले जे ख्रिस्ती झाले त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी अनेकदा मालकाचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे. गोव्यातल्या फर्नांडिस आणि डिसोझा यांच्याबाबतीत हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको: आडनाव पोर्तुगीज, पण घराणं त्याच मातीतलं. माल्टातल्या एखाद्या स्पॅनिश आडनावामागे ट्युनिसहून पकडून आणलेला माणूसही असू शकतो.

गोझोबद्दल एक वेगळी सावधगिरी. जुलै १५५१ मध्ये तुर्की आरमाराने ते बेट लुटलं आणि जवळजवळ सगळी वस्ती, सुमारे ५,००० माणसं, गुलाम म्हणून नेली. नंतर माल्टा आणि सिसिलीतून लोक आणून बेट पुन्हा वसवलं गेलं. म्हणून आजच्या गोझोतल्या आडनावांवरून मध्ययुगातल्या गोझोबद्दल काही बोलता येत नाही. मध्ये दोरा तुटलेला आहे.

आणि ‘गोझो’ हे नाव? कास्तिलियनमध्ये ‘गोझो’ म्हणजे आनंद. त्यावरून आरागॉनच्या लोकांनी बेटाला ‘आनंदाचं बेट’ असं नाव दिलं, अशी कथा पर्यटकांना ऐकवतात. एक तर ती कास्तिलियनची कथा आहे, कातालानची नव्हे. दुसरं म्हणजे बेटाचं नाव स्पेनचा संबंध येण्याच्या कितीतरी आधीचं आहे: ग्रीक गाउलोस, लॅटिन गाउलुस, आणि आजचं माल्टीज नाव आउदेश. क्रीटच्या दक्षिणेला गाव्दोस नावाचं छोटं बेट आहे, त्यालाही व्हेनिसचे दर्यावर्दी ‘गोझो’च म्हणत. तिथे आरागॉनचं राज्य कधी नव्हतं. तेव्हा या कथेला निरोप द्यावा.

आता ठिकाणांची नावं. माल्टाचा नकाशा आजही मुख्यतः अरबी वळणाचा आहे. ‘हाल’ने सुरू होणारी गावं, ‘वीएद’ म्हणजे दरी, ‘आइन’ म्हणजे झरा, ‘बीर’ म्हणजे विहीर, आणि शेतांच्या नावांत ‘ता’, म्हणजे ‘चा’ किंवा ‘चं’: अमक्याचं शेत. कातालान घराण्यांकडे जमिनी आल्या, पण त्यांनी नावं बदलली नाहीत. इंग्वानेझांची ती जहागीरच घ्या: दियार इल-ब्नीएत म्हणजे ‘मुलींची घरं’, संपूर्ण अरबी. शेकडो वर्षं कातालान आडनावाचा मालक, आणि जमीन आपली अरबीत बोलते. यावरून मला वाटतं, त्या लोकांना सारा हवा होता, गावाच्या पाटीशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मध्ययुगाच्या या टप्प्यातलं एकच मोठं नाव टिकलं, ते म्हणजे इम्दीनाची ‘चित्ता नोताबिले’ ही पदवी. ती अल्फॉन्सोच्या १४२८ च्या सनदेशी जोडतात. भाषेने तीही लॅटिन-इटालियनच, कातालान नाही.

पाट्यांवर नावं घालण्याची हौस आली ती नाइट लोकांबरोबर. १५३० मध्ये पाचव्या चार्ल्सने माल्टा त्यांना दिलं, वर्षाला एक ससाणा एवढ्या नजराण्यावर. त्यांची भाषावार पथकं होती, आणि आरागॉनच्या पथकात कातालोनिया, मायोर्का, व्हॅलेन्सिया, नावारा यांचे नाइट येत. राजधानी व्हॅलेटात १५७१ साली बांधलेलं त्यांचं निवासस्थान अजून उभं आहे आणि आरागॉनचंच नाव सांगतं. या पथकातून अनेक ग्रँडमास्टर, म्हणजे संघाचे प्रमुख, झाले, आणि इथेही सगळ्यांना कातालान म्हणायची घाई करू नये. गार्सेस आरागॉनचा. किनाऱ्यावरचे १३ बुरूज ज्याच्या नावाने ओळखले जातात तो दे रेदीन नावाराचा, आणि सालिना खाडीवरच्या गढीला ज्याचं नाव आहे तो खिमेनेझही नावाराचाच. कातालान बोलणाऱ्या मुलखातले म्हणजे मायोर्काचे दोघे कोतोनेर बंधू, मायोर्काचाच देस्पुच्, आणि व्हॅलेन्सियाचा पेरेयोस.

यांतला निकोलास कोतोनेर नकाशावर सर्वांत ठळक उमटला. १६६९ मध्ये क्रीटमधलं कांदिया तुर्कांच्या हाती पडलं, पुढची पाळी माल्टाची अशी भीती पसरली, आणि १६७० मध्ये त्याने बिर्गू, सेंग्लेया आणि बोर्मला या तीन शहरांना वेढणारी प्रचंड तटबंदी सुरू केली. वालपेर्गा या इटालियन अभियंत्याचा आराखडा, आठ पूर्ण बुरूज आणि दोन अर्धे. १६८० मध्ये कोतोनेर वारला तेव्हा खजिना रिकामा होता आणि काम अर्धवट राहिलं. पण नाव राहिलं: त्या सगळ्या भागाला आजही ‘कोत्तोनेरा’ म्हणतात. लोक ते गावाचं नाव असल्यासारखं बोलतात, तिथे एक माणूस दडलाय हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. माझ्या मते कातालानमधून माल्टाच्या रोजच्या बोलण्यात आलेलं ठिकाणाचं नाव कुठलं, तर हेच एक.

गंमत अशी, की कातालानमध्ये ‘कोतोनेर’ म्हणजे कापूसवाला. माल्टाचं मुख्य नगदी पीक कापूसच, आणि १८ व्या शतकात बार्सिलोनाच्या छापील सुती कापडाच्या कारखान्यांना लागणारा सूत माल्टातूनच मोठ्या प्रमाणात जाई. योगायोगच, पण सुंदर.

देस्पुच्चं नाव इम्दीनाच्या एका बुरुजावर आहे. त्यात तोच ‘देस’ दिसतो जो देस्ग्वानेझमध्ये होता, आणि ‘पुच्’ म्हणजे टेकडी. पेरेयोसचं नाव किनाऱ्यावरच्या संरक्षणकामांशी जोडलेलं होतं. पण कोतोनेर, देस्पुच् किंवा पेरेयोस हे आडनाव लावणारी जुनी घराणी तुम्हाला माल्टात भेटणार नाहीत, कारण नाइट ब्रह्मचर्याची शपथ घेत. औरस वारस नाहीत, म्हणून आडनाव पुढे चालायची सोय नाही. त्यांनी आपलं नाव चालवायला दगड वापरले. उलट देस्ग्वानेझसारखे आधी आलेले लोक लग्न करून स्थायिक झाले, म्हणून त्यांची नावं माणसांत उरली आणि दगडांवर नाहीत. त्या दोन वाटांमागचं कारण इतकं साधं आहे.

आता तुमच्या सहकाऱ्यांना आपलं मूळ शोधायचं असेल तर काय करावं? पॅरिशच्या लग्नाच्या नोंदींपासून सुरुवात करावी, बाप्तिस्म्याच्या नोंदींपासून नको. लग्नाच्या नोंदीत दोन्ही बाजूंच्या वडिलांची नावं असतात, त्यामुळे एकेका पिढीने मागे सरकता येतं. १६ व्या शतकापर्यंत असं पोचता येतं. त्यामागे व्हॅलेटातलं नोटरी दप्तर आहे, १५ व्या शतकापासूनचं. नोटरी माणसाच्या नावाबरोबर तो कुठला हेही अनेकदा लिहीत, आणि आपल्याला हवा असतो तो नेमका तोच शब्द. त्याच्याही मागे १४१९-२० ची माल्टाच्या पहारेकऱ्यांची यादी आहे. एखादं आडनाव त्या यादीत साध्या गावकऱ्यांकडे आधीच पसरलेलं दिसलं, तर ते अल्फॉन्सोच्या माणसांबरोबर आलेलं असण्याची शक्यता जवळजवळ संपते.

शोधताना एक युक्ती. सिसिलीत ‘कातालानो’ हे आडनाव सापडतं, आणि ते त्या माणसाला त्याच्या नव्या शेजाऱ्यांनी दिलेलं असतं. कातालोनियात सगळेच कातालान, तिथे तसं नाव कुणाला पडणार? म्हणून कागदांत स्पेनसारखी दिसणारी नावं शोधत बसण्यापेक्षा, माणसाला कुणी ‘परका’ म्हटलंय का ते शोधावं. खरा कातालान पूर्वज बहुधा तिथेच भेटतो.

इंग्वानेझ असलेल्या सहकाऱ्याला फार खणावं लागणार नाही, मात्र आडनाव मूळ घराण्याचं की आईकडून किंवा जोडआडनावातून आलेलं, एवढं तपासायला सांगा. अबेला आणि कल्लेयाने नोटरी दप्तरापर्यंत जावं, त्याआधी कुणाचंही म्हणणं मान्य करू नये. कारुआनाने व्हॅलेन्सियात नातलग जरूर शोधावेत. सापडले, तर त्यांचा पणजोबा माल्टाहून सुताचे गठ्ठे घेऊन गेला होता का, हे आधी विचारावं.